एका बीची चार रोपं

पहिल्या वर्षी माझ्या वाफ्यातून जे निघालं त्याला सासूबाईंनी बघताक्षणी नाव दिलं, उंदराच्या शेपट्या. खोटं कशाला सांगू, तशाच होत्या. वर हातभर पाला, तांबड्या शिरांचा, तजेलदार, आणि उपटलं की खाली करंगळीएवढं मूळ. अडीच महिने पाणी घातलं, खुरपलं, येईल जाईल त्याला ‘परड्यात बीट लावलंय’ म्हणून सांगितलं, आणि हाती हा ऐवज. पाल्याची मुगाची डाळ घालून भाजी केली. बीट बाजारातून आणलं.

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. मागे परडं आहे, फार मोठं नाही. एक शेवगा, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड, कपडे वाळत घालायची तार, आणि उरलेल्या जागेत मी. बँकेची नोकरी सुटल्यापासून मेथी, पालक, वांगी, घेवडा असं थोडंथोडं करत होते आणि ते बरं येत होतं. त्यामुळे बीट म्हणजे काय मोठंसं, असा थोडा माजच होता म्हणा ना.

बी आणलं कृषी सेवा केंद्रातून. ‘डेट्रॉईट डार्क रेड’, बीटाचं जुनं, सगळीकडे मिळणारं वाण. पाकीट फोडून हातावर घेतलं तर बी कसलं, चुरगळलेल्या कागदाच्या बारीक गोळ्या वाटाव्यात असे खडबडीत, हलके, कोनाकोनाचे मणी. पालकाचं बी साधारण असंच दिसतं, आणि ते साहजिकच आहे. बीट, पालक, चाकवत, राजगिरा, माठ ही सगळी एकाच कुळातली भावंडं. हे मला तेव्हाही माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते असं की हातावर होतं ते एक बी नव्हतंच. बीटाची दोन-तीन-चार फुलं झाडावर एकमेकांना चिकटून वाळतात आणि त्यांचा मिळून तो खडबडीत मणी होतो. आत तितकीच बियाणं. म्हणजे तुम्ही एक दाणा टोकता आणि वर येतात तीन-चार रोपं, एकाच भोकातून, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून.

मी काय केलं, तर आनंदून गेले. 2023च्या दसऱ्यानंतर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला टोकलं होतं. दहाव्या दिवशी ओळीच्या ओळी गच्च भरून आल्या. तांबडे देठ, वर दोन-दोन हिरवी लांबट दलं, म्हणजे बीतूनच निघालेली पहिली पानं. ह्यांना हाक मारून दाखवलं. ‘शंभर टक्के उगवण’ म्हणून फोटो काढून बहिणीला पाठवले. पाकिटावर ‘विरळणी करावी’ असं छापलेलं होतं, पण चांगलं उगवलेलं रोप उपटून टाकायचं? माझ्याने झालं नाही. वर आणखी शहाणपणा म्हणजे पानं अजून छान यावीत म्हणून दोनदा युरियाची चिमूट टाकली. पानं छान आली. नत्र जास्त झालं की बीट पाल्यात खर्च होतं आणि खाली पोसायचं विसरतं, हे कळायला जानेवारी उजाडला.

शेजारचे आबा तेव्हा कुंपणापलीकडून बघत होते. मूळचे कोरेगाव तालुक्यातले, जन्म आलं आणि बटाट्यात गेलेला, आता मुलाकडे शहरात राहतात आणि दिवसभर दुसऱ्यांची झाडं बघून हळहळतात. शेपट्यांचा ढीग बघून म्हणाले, “ताई, एका आंथरुणात चौघं निजवली तर पाय कुणी पसरायचं?”

मग मी ठरवलं, पुढच्या वर्षी जमिनीपासून सुरुवात करायची.

आमच्या परड्यातली माती काळी, चिकट. ओली असताना चपलेला पाव किलो चिकटते आणि वाळली की तिच्यात बोट जाईल एवढी भेग पडते. मेथीला ती चालते, पण ज्याला खाली फुगायचंय त्याला नाही. मुळाला खडा लागला, ढेकूळ लागलं की ते फाटे फोडतं. तीन फूट रुंद, सहा फूट लांब एवढाच वाफा घेतला आणि टिकावानं वीतभरापेक्षा थोडं खोल खणला. दोन पाट्या जाड वाळू, दोन पाट्या पोयटा, तीन पाट्या कुजलेलं शेणखत. कुजलेलं हा शब्द महत्त्वाचा आहे. ओलं, ताजं शेण घातलं की मुळं वेडीवाकडी होतात. आबांनी मूठभर खत नाकाशी नेऊन हुंगलं आणि ‘हां, आता शेणाचा वास न्हाई, मातीचा येतोय’ म्हणाले तेव्हाच ते वाफ्यात गेलं. चुलीची राख आता शहरात कुठली मिळायची, पण ह्यांच्या मामेबहिणीकडे बंब पेटतो, तिथून एक डबा आणली. राखेत पालाश असतं आणि ते कंदाला मानवतं. युरियाचं पाकीट मात्र ह्यांनी माळ्यावर टाकून शिडी लपवून ठेवली.

2024चा दसरा 12 ऑक्टोबरला होता. बी टोकलं 16 तारखेला. आदल्या रात्री वाटीत भिजत घातलं होतं. त्या खडबडीत टरफलात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती पाण्यात उतरतात. सकाळी पाणी चहासारखं तांबूस झालेलं, ते फेकलं. (बियाण्याला औषध लावलेलं असतं, तेव्हा वाटी स्वयंपाकघरातली घेऊ नये. मी घेतली होती. सासूबाईंनी ती वाटी परत आत येऊ दिली नाही, ती आता परड्यातच असते.) तीन ओळी, ओळीत फुटाचं अंतर, दाण्यादाण्यात चार बोटं, आणि खोली पेराएवढीसुद्धा नाही, पाऊण इंच. प्रत्येक ओळीत अठरा, म्हणजे चौपन्न टोकण्या.

आणि पाऊस आला. परतीचा पाऊस आमच्याकडे दसऱ्यानंतरही घुटमळतो हे विसरले होते. एका संध्याकाळी तासभर बदाबद कोसळला आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन. वाफ्यावर मातीची पापडी धरली. बीटाचा कोंब नाजूक, त्याला ती फोडता येत नाही. आठवा दिवस गेला, नववा गेला, वर काही नाही. आबा म्हणाले, पापडी फोडू नका, कोंब मोडंल, वली ठेवा. मग रोज सकाळ-संध्याकाळ जुना सुती पंचा भिजवून वाफ्यावर अंथरायचा उद्योग केला. बाराव्या दिवशी पंचा उचलला तर मातीत केसासारख्या चिरा, आणि एका चिरेत वाकलेला, मान खाली घातलेला तांबडा देठ. दलं अजून आतच होती. कोणी खाली वाकून काहीतरी शोधत असावं तसा तो दिसत होता. दुपारपर्यंत त्याने मान वर काढली.

चौपन्नापैकी सेहेचाळीस ठिकाणी उगवलं. सेहेचाळीस ठिकाणी म्हणजे रोपं शंभराच्या वर.

आता विरळणी. रोपं दोन-तीन इंच झाली, दलांच्या मधून पहिली दोन खरी पानं आली की करायची. उपटायची नाहीत हे पहिल्या वर्षीच्या एका अर्धवट प्रयत्नातून शिकले होते. मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, एक ओढलं की शेजारचंही ढिलं होतं. त्यामुळे कापायची, जमिनीलगत, कात्रीने. परड्यातली कात्री बोथट होती, म्हणून मी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली उचलली.

उकिडवी बसले आणि पहिल्याच झुबक्याशी थांबले. तीन रोपं. एक जाड, एक उंच, एक बुटकं पण पानं मोठी. कुठलं ठेवायचं? बँकेत मी कर्जाचे अर्ज नामंजूर केलेले आहेत, त्यातले काही तर रडणाऱ्या माणसांसमोर, पण ह्या तीन इंची रोपांपुढे माझा हात उचलेना. शेवटी आबांनी कुंपणावरून नियम घालून दिला. उंची बघायची नाही, देठ जमिनीत जातो तिथली जाडी बघायची. उंच रोप बहुधा उजेडासाठी ताणलेलं असतं. मग कच्, कच्. अर्ध्या तासात सगळा वाफा विरळ, टकला, केविलवाणा. एका जागी एकच रोप. संध्याकाळी हे म्हणाले, “काय झालं, गोगलगाय लागली का?”

कापलेली रोपं वाया गेली नाहीत. चाळणीभर निघाली. धुऊन, कच्चीच, दही-दाण्याच्या कुटात घातली. कोवळ्या माठाची चव, आणि मागून किंचित मातकट गोडसर. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली आणि मग त्यांना कात्रीची आठवण झाली. “माझी ब्लाउजची कात्री मातीत?” त्यावर मी काय बोलणार.

सात-आठ रोपं मात्र माझ्यातल्या चुकार मायेने मुळासकट काढून मोकळ्या जागी लावली. ती जगली, पण सोटमूळ काढताना दुमडलेलं, ते दुमडलेलंच वाढलं. पुढे त्यातून एकाला दोन पाय फुटले, एक स्वतःभोवती वळलं, आणि एक बदकासारखं झालं. चवीत फरक काही नाही. फक्त सोलणाऱ्याच्या तोंडून काय काय ऐकावं लागतं तेवढंच.

नोव्हेंबरमध्ये फारसं काही घडत नाही. पंधरा दिवसांनी एकदा खुरपणी, ओळींमध्ये उसाचं पाचट अंथरलं म्हणून तीही कमी. पाचटाचा खरा फायदा ओलाव्याला. आमची माती एकदा भेगाळली आणि मग धो धो पाणी दिलं की आत फुगणारा कंद तडकतो. तेव्हा थोडं थोडं पण नेमाने. नळाचं पाणी पिण्यापुरतंच येतं, परड्याला बोअरचं. ते मचूळ आहे. घेवड्याची पानं त्याने कडेने करपतात. बीटाने तक्रार केली नाही. बीटाचा रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवर खाऱ्या वाऱ्यात उगवतो, त्याचं रक्त अजून आहे म्हणायचं. फक्त अगदी कोवळेपणी, पहिले तीन आठवडे, मी नळाचं पाणी साठवून झारीने घातलं.

कीड म्हणाल तर नागअळी. पानाच्या आत पांढरट नागमोडी रेघा दिसतात, कोणी खडूने गिरगोट्या काढाव्यात तशा. ती पानं खुडून टाकली. नंतर खालच्या पानांवर गोल ठिपके आले, मध्ये करडे आणि कडेला जांभळट काठ. हा बुरशीचा रोग. तीही पानं काढली आणि संध्याकाळी पानांवर पाणी मारायचं बंद केलं, मुळाशीच घालू लागले. आटोक्यात राहिलं.

डिसेंबर लागला तसे कंद मातीतून खांदे वर काढू लागले. मला आधी वाटलं, माती वाहून गेली, म्हणून बटाट्यासारखी भर द्यायला निघाले. आबांनी अडवलं. गोल बीट अर्धं वरच बसतं. फुगतो तो भाग मुळाचा वरचा तुकडा आणि दलांखालचा देठ यांचा मिळून असतो, त्याला फार गाडायचं नसतं. मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन जायचं आणि खांदे बघायचे असा नाद लागला. लिंबाएवढे. आठवड्याने मोसंबीकडे झुकलेले.

काढायचे कधी? पाकीट सांगतं साठ ते सत्तर दिवस. मला हव्यास होता बाजारातल्याएवढ्या मोठ्या बीटाचा. आणखी पंधरा दिवस थांबू म्हणत होते. 19 डिसेंबरला सकाळी गेले तर कडेच्या ओळीतला पाला आडवा. उचलला तर हातात नुसता पाला आला. खाली भोक, आणि भोकात बीटाची वाटी. म्हणजे आतला गर पोखरून खाल्लेला आणि तांबडी साल तेवढी वाटीसारखी जागेवर. एक नाही, सात. कुंपणाच्या दगडाशी ताज्या मातीचा ढिगारा. घूस.

मी ओट्यावर येऊन बसले. सात बीटं म्हणजे बाजारात फार पैशांची गोष्ट नाही, पण सात टोकण्या, सात वेळा कात्री थांबलेली, पंचा, मचूळ पाणी टाळून साठवलेलं झारीभर पाणी... हे आतून म्हणाले, “पिंजरा आणू?” पिंजरा आणला, त्यात भजं ठेवलं. भजं गेलं, घूस मिळाली नाही.

आबा म्हणाले, “ती मोठी व्हायची वाट बगत न्हाई. तुमीच बगताय.” म्हणून 20 तारखेपासून, पेरल्याच्या पासष्टाव्या दिवसापासून, काढणीला लागले.

काढणीची गंमत अशी की जोर लागत नाही. आदल्या संध्याकाळी वाफा ओलवायचा, पाल्याचा झुबका बुडाशी धरायचा, खुरप्याने बाजूची माती जरा सैल करायची आणि सरळ वर. ‘फट्’ असा बारीक आवाज येतो, सोटमूळ तुटल्याचा. मग ती माती लागलेली गोल वस्तू हातात, थंडगार, आणि शेपटी खाली लोंबणारी. पहिलं बीट मी साडीच्या पदराला पुसलं. तो डाग धुऊन गेला, पण पूर्ण नाही.

पाला सुरीने न कापता पिळून काढला, कंदावर दोन बोटं देठ राखून. शेपटीही तशीच. बीटाचा रंग पाण्यात विरघळतो. देठ बुडापासून कापला, शेपटी छाटली किंवा सोलून उकडलं की कुकरमधलं पाणी लाल आणि बीट फिकट. सालीसकट उकडायचं, गार झालं की साल अंगठ्याने सरकते. आणि पाला कंदाला लावून ठेवायचा नाही, पानं कंदातलं पाणी ओढून घेतात आणि दोन दिवसांत तो मऊ पडतो.

पहिलं चिरलं ते विळीवर. आत एकात एक वलयं, गडद, मग किंचित फिकी, मग गडद. कापलेल्या भागावर रसाचे बारीक थेंब लगेच जमले. वास पहिल्या पावसाचा. हे मी काव्य करत नाहीये. पहिल्या पावसात मातीला ज्या द्रव्याचा वास येतो ते जिओस्मिन बीटातही असतं, म्हणून तर अर्ध्या लोकांना बीट ‘मातकट’ लागतं. ह्यांना लागतं. मला म्हणूनच आवडतं.

घुशीचे सात वजा जाता वाफ्यातून एकोणचाळीस बीटं मिळाली. एक सोडून बाकी सगळी तीन आठवड्यांत, लागतील तशी काढली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली, साडेचार किलोला थोडी कमी. एकेक सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर. लिंबू-मोसंबीच्या मधल्या आकाराची कोवळी, दोऱ्याचं नाव नाही. किसून, दही, दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि वर जिऱ्याची फोडणी. दही शेवटी घालायचं, नाहीतर ताटभर गुलाबी चिखल. उकडलेल्यावर लिंबू पिळलं की रंग उजळतो, आणि फार वेळ शिजवलं की तपकिरी पडतो, तेव्हा तीन शिट्ट्यांवर गॅस बंद.

एका गोष्टीबद्दल मात्र आधीच सांगून ठेवते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. सलग दोन दिवस बीट खाल्ल्यावर ह्यांनी पहाटे मला उठवलं, चेहरा पांढराफटक, आवाज दबलेला. ‘लघवीतून रक्त जातंय.’ चपला घालून, रिक्षा बोलावून दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काही माणसांच्या पोटात बीटाचा रंग मोडत नाही, तो तसाच बाहेर येतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. तरी त्यांनी तपासणी करून घेतली, ते बरंच झालं. परतताना रिक्षात हे एक अक्षर बोलले नाहीत.

भोगीला, 13 जानेवारीला, मी उत्साहाने म्हटलं की भोगीच्या भाजीत आपल्या परड्यातलं एक बीट घालू. वांगं, गाजर, घेवडा, हरभरा, बोरं, सगळं चालतं की त्यात. सासूबाईंनी तिळाचं कूट करताना मान वर न करता सांगितलं, “भोगीच्या भाजीला भोगीचा रंग असतो. ते तुझं लाल काय करायचं ते वेगळ्या वाटीत कर.” वेगळ्या वाटीत केलं. बाजरीच्या भाकरीबरोबर ती वाटी आधी संपली, पण हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

काढणीतून सोडलेलं ते एक बीट मुद्दाम ठेवलं होतं, फुलतंय का बघायला. फुललं नाही. बीट मुळात दोन वर्षांचं झाड. पहिल्या वर्षी कंदात शिदोरी भरतं, मग आठवडेच्या आठवडे कडक थंडी सोसतं आणि मग दुसऱ्या वर्षी उंच दांडा काढून फुलतं. साताऱ्याची थंडी अंगाला झोंबते, पण बीटाला ती पुरत नाही. त्यामुळे बी दरवर्षी पाकिटातूनच. हे राखलेलं बीट मार्चपर्यंत नुसतं फुगत गेलं, छोट्या नारळाएवढं. काढून विळीवर धरलं तर विळी अडकली. शेवटी कोयत्याने दोन भाग केले. आत वलयं पांढरी पडलेली, उन्हाळ्याची ऊब लागली की ती अशीच फिकटतात, आणि गर लाकूड.

आबांचा पुतण्या त्या दिवशी दूध घालायला आला होता. दोन्ही फोडी त्याच्या पिशवीत दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, म्हैस कर्रकर्र करत खाऊन दावणीत आणखी शोधत होती. हे दारातच उभे होते. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण त्यांनी हळूच उचललं, आत डोकावले, आणि पांढरं बघून परत ठेवलं.